डोळे न आखलेला गणपती

पेणहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला, आमच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. माई गेली, एवढंच तो म्हणाला... बादलीतले उरलेले कपडे मी वाळत घातले आणि मगच रडले. बाई जातानाही मला कामाला लावून गेली.

माई म्हणजे माझी थोरली नणंद. पेणला तिचा गणपतींचा कारखाना. इराकनं कुवेत घेतलं त्या श्रावणात माझे यजमान तिकडे क्रेनवर होते. आमच्या आळीतली चार घरं अशीच टांगणीला लागलेली. रेडिओ दिवसभर चालू, चुली थंड. कोणी म्हणे सगळ्यांना ओलीस धरलंय, कोणी म्हणे वाळवंटात पाण्यावाचून माणसं मरतायत. माई एसटीनं आली, रेडिओ बंद केला आणि आम्हा चौघींना पेणला घेऊन गेली. ऐन हंगामात तिला फुकटचे हात मिळाले, असं आळीत बोललेच लोक. बोलोत मेले! मूर्तींना पॉलिश पेपर घासता घासता कितीतरी दिवसांनी माझ्या घशाखाली घोटभर चहा उतरला. बातम्या संध्याकाळी एकदाच, त्याही सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायच्या, हा तिचा दंडक.

चौघींत एक कुंदाकाकू. तिचा एकुलता एक प्रकाश कुवेतला. तिचं रडं थांबेना. तेव्हा माईनं काकूच्या घरचा गणपती पुढ्यात घेतला. रंग झाला होता, डोळे तेवढे आखायचे होते. ते काम सगळ्यात शेवटी करतात, आणि त्यात माईचा हात पेणात नावाजलेला. ती म्हणाली, "ह्याचं डोळं प्रकाश आल्यावरच आखीन. तो येणारच हाय." त्या दिवशी काकू पोटभर जेवली.

चतुर्थी आली, प्रकाश आला नाही. डोळ्यांशिवाय मूर्ती पूजेला कशी बसवणार? माई कुंचला घेऊन बसली तर काकूनं तिचा हातच धरला. आता आखलेस तर तो कधीच यायचा नाही, असं म्हणत राहिली. त्या वर्षी तिच्या घरी गणपती बसला नाही. पुढे माझे यजमान जॉर्डनमधल्या अम्मानवरून विमानानं परतले. त्यांनीच सांगितलं, सरहद्दीच्या वाटेवर, ट्रकमध्ये, प्रकाश तापानं गेला. काकू माईला एवढंच बोलली, "तुझ्यापायी माझा देव आंधळा रायला." पुन्हा ती कारखान्याची पायरी चढली नाही.

ते वाक्य माईच्या काळजात रुतून बसलं. करोनात, इस्पितळातल्या निरोपाची वाट बघणाऱ्यांच्या ओट्यावर ती सत्तरीत जाऊन बसायची, चहा करायची, बायकांना वाती वळायला लावायची. पण "येईल घरी" असं कुणाला म्हणाली नाही. मला तो दुष्टपणा वाटायचा. एकदा भांडलेच मी. चार गोड शब्द बोललीस तर तुझं काय जातं, म्हटलं. ती म्हणाली, "माझं काय नाय जात गो. ज्याचं जातं, त्याचंच जातं."

माईचं दिवसकार्य होऊन महिना झाला नाही तोच आखातात पुन्हा युद्ध पेटलं, विमानं बंद झाली. माझा मुलगा तिकडेच. सून मोबाइल सोडेना, ताटातला भात तसाच. मी तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि भिजलेल्या वालांचं पातेलं दोघींच्या मध्ये ठेवलं. ती वाल सोलू लागली. मग मान वर न करताच म्हणाली, "येतील ना हो, आई?"

"येईल" अगदी जिभेवर आलं होतं. माझ्या पोटचं पोर ते...

"ठाव नाय गो," मी म्हटलं, आणि पातेलं तिच्याकडे सरकवलं.