चिंधीशी खेळायचं राहून गेलं

भोरच्या बाजारपेठेत अन्वरीभाभींचं शिलाईचं दुकान आहे. एक मशीन, एक स्टूल आणि कोपऱ्यात उरल्यासुरल्या कापडाचा ढीग. तीन वर्षांपूर्वी त्या ढिगात मांजरीचं एक पिल्लू येऊन झोपलं आणि तिचं नाव चिंधी पडलं. भाभींचा नवरा गेलेला, मुलगी फौजिया लग्न होऊन साताऱ्याला. मग सगळे लाड चिंधीच्याच वाट्याला आले. रोज दुपारी जेवण झालं की अर्धा तास काम बंद. भाभी परकराची नाडी जमिनीवरून सरसर ओढत पळायच्या आणि चिंधी तिच्यावर झेपा टाकायची. पन्नाशीची बाई मांजरीसोबत नाचते म्हणून सगळी पेठ हसायची. हसू दे. हसणाऱ्यांची वाट बघत घरी एवढ्या आशेनं कोण बसलं होतं?

यंदा मे महिन्यात शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. नाही म्हणणं भाभींच्या स्वभावातच नाही. अर्ध्या तासाची पाच मिनिटं झाली, मग तीही गेली. चिंधी मात्र दुपारी वेळेवर हजर. पायडलवरच्या पायाला अंग घासायची, लक्ष दिलं नाही तर थेट मशीनवर उडी मारायची.

"गणवेश हू दे गं बाई, मग खेळू," भाभी म्हणायच्या.

शिवण संपली की लांब दोरा उरतो. तो कापून डब्यात टाकायचा, ही त्यांची वीस वर्षांची सवय. पण एके दिवशी घाईत त्यांनी त्याच दोऱ्यांचा गुंता करून चिंधीपुढे फेकला. "घे, खेळ तुझी तू!" चिंधी तासभर रमली. भाभींना वाटलं, झकास युक्ती सापडली. मग ते रोजचंच झालं.

जून लागला आणि चिंधीनं दूध सोडलं. दोनदा ओकली. पोटात केस गेले असतील, अशी भाभींनी स्वतःची समजूत घातली. अजून ऐंशी स्कर्ट शिवायचे होते. तिसऱ्या दिवशी चिंधी जागची उठेना, तेव्हा मात्र त्यांनी हातातला स्कर्ट टाकला. टोपलीत घालून त्या तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन धावल्या.

डॉक्टरांनी चिंधीचं तोंड उघडून जीभ वर केली. जिभेच्या मुळाशी निळा दोरा अडकला होता आणि त्याचं दुसरं टोक पार पोटात उतरलं होतं.

"दोरा आतडं कापत चाललाय, भाभी. ऑपरेशनला पुण्याला न्यावं लागेल, ताबडतोब निघा. दोन दिवस आधी आणायला हवी होती."

निळा दोरा. स्कर्टचा. भाभींना कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. आपल्याच हातानं आपण हे केलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

शेजारच्या सोमनाथनं लगेच टेम्पो काढला. कापूरहोळच्या अलीकडे चिंधीचं पोट हलायचं थांबलं. भाभींनी हाक मारली, पाठ चोळली, पुन्हा हाक मारली. सोमनाथनं गाडी कडेला घेतली.

"भाभी, मागं वळवू का?"

"थांब जरा," भाभी म्हणाल्या. त्यांनी चिंधीला टोपलीतून उचलून पदरात घेतलं. "महिनाभर मांडीवर बसू दिली न्हाई म्या हिला. कापडाला केस लागत्यात म्हनून ढकलून द्यायची. आता बसू दे."