परदेशी निघालेल्या डाळीतला कडुलिंब

नव्वदच्या दशकात जळगावला आमची डाळ मिल होती. माल बघायचे माझे सासरे, म्हणजे आबा. कागदपत्रं माझ्याकडे, कारण सरकारी भाषेला न घाबरणारी घरात मी एकटीच. डाळ परदेशी पाठवायची म्हणजे दिल्लीच्या लहरी सांभाळणं. आज निर्यात खुली, उद्या देशात भाव चढले की बंद. आखातातून आमची पहिलीवहिली ऑर्डर आली, तोवर परवानगीची मुदत संपत आली होती. तपासणी पास होऊन ट्रक वेळेत निघाला नाही, तर आपला माल समुद्रापार जावा ही आबांची जुनी हौस मिलच्या ओट्यावरच पडून राहणार होती.

तपासणीचे साहेब सकाळीच आले. त्यांनी पोत्यात पोकळ नळी खुपसून नमुना काढला, तर पिवळ्याधमक तूरडाळीबरोबर कडुलिंबाची वाळकी पानं बाहेर आली. दुसऱ्या पोत्यातही तेच.

"हे चालणार नाही," साहेब म्हणाले. "घेणाऱ्या देशाचा नियम आहे. मालात दुसऱ्या झाडाचं पानसुद्धा नको."

आबा कडाडले, "हाऊ पाला कोनी टाका?"

डाळ निवडणाऱ्या बायांमधली वडीलधारी अक्का बिनदिक्कत पुढे आली. "बठ्ठा पोतास्मा टाकेल शे, आबा. इतला लांब जाई राहिना माल. वाटमा कीड लागनी तं आपलंच नाव खराब व्हई."

लांबच्या वाटेवर माल टिकावा म्हणून, घरच्या कणगीत टाकतात तसाच तिनं सगळ्या पोत्यांत मायेनं पाला घातला होता. आबा मात्र तिला सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. मला राग आला तो साहेबांचा. "बंदरावर कीड मारायला विषारी धुरी द्यायची सक्ती, आणि कडुलिंबाला बंदी? हा कुठला न्याय?"

साहेब हसले. "वहिनी, नियम मी केलेला नाही. संध्याकाळी परत येतो. पोती साफ दिसली तर लगेच सही करतो."

मग जी धांदल उडाली! पोती उसवली, ताडपत्रीवर ओतली, डाळ पाखडून पुन्हा भरायला घेतली. हात कमी पडतात म्हणून आबा स्वतः सूप घेऊन बसले. त्यांच्या सुपातून पानांआधी डाळच उडायला लागली, तशा बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. शेवटी आबांनाही हसू आवरेना.

संध्याकाळी साहेबांनी एकामागून एक पोतं तपासलं. पान सापडलं नाही. सही झाली आणि ट्रक मुदतीच्या आत मुंबईच्या वाटेला लागला.

ट्रक दिसेनासा झाला तरी अक्का फाटकातच उभी. "आबा, तठला लोके निवडीसनच रांधतीन ना?" एखादं पान राहून गेलं असेल या काळजीनं तिनं विचारलं.

"कशाले निवडतीन?" आबा म्हणाले. "तुनी निवडेल डाळ शे ती."

सकाळी सगळ्यांसमोर बोलले होते, हेही त्यांनी सगळ्यांसमोरच म्हटलं. अक्का डोळे पुसून पाण्याच्या माठाकडे गेली आणि आबांसाठी तांब्या भरून घेऊन आली.