पुढच्या जन्माचे तिकीट

“तो पुनर्जन्माचा चित्रपट पाहून कंडक्टरसाहेब ढसाढसा रडले. वहिनींचा हात धरून म्हणाले, ‘आता पुढच्या जन्मी भेटू.’ जन्मभर नाही-नाही म्हणणारा माणूस अखेर शरण आला!”

कंडक्टरसाहेब गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आमच्या पडेगावच्या वसाहतीतील एक निवृत्त प्राध्यापक ध्वनिक्षेपकावरून असे बोलले. लोकांनी माना डोलावल्या. मी प्रसंग पाहून गप्प बसलो. आता बसणार नाही. प्राध्यापक महाशय चित्रपटगृहात आमच्या बऱ्याच रांगा मागे होते. मी कंडक्टरसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत होतो.

वाचकहो, तुम्ही त्या माणसाला पाहिलेले नाही. लासूर स्टेशनच्या एसटीवर त्यांची हयात गेली आणि डेपोतून त्या गाड्या सोडणारा कंट्रोलर मी. निवृत्तीनंतरही चार माणसे एकत्र दिसली की त्यांचे बोट आपोआप हवेत उठे आणि डोकी मोजू लागे. लग्नाच्या पंगतीत मोजत, दवाखान्याच्या बाकावर मोजत. मोजणी जुळली की जवळच्या खांबावर अंगठीने दोन टकटक. “हं, जाऊ द्या!”

आत्मा आणि पुनर्जन्म या दोन्ही गोष्टी त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी घराबाहेर ठेवल्या होत्या. मुलाने त्या पुन्हा आत येऊ दिल्या नाहीत. कुणी तो विषय काढला की उत्तर ठरलेले : “पुढचं तिकीट कुणी फाडलंय? आपला स्टॉप आला की गपगुमान उतरायचं.” गुलमंडीत एक दुकानदार वहिनींना साडी दाखवताना म्हणाला, “सात जन्म टिकंल असा रंग आहे.” हे लगेच म्हणाले, “शेठ, आम्हाला एकाच जन्माची दाखवा. जरा स्वस्त असंल.”

मात्र प्रेमाचे चित्रपट त्यांना अतोनात प्रिय. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्या चित्रपटाला जायचे ठरवले, तेव्हा सर्वांत आधी इस्त्रीचा सदरा घालून हेच फाटकाशी उभे. आत शिरताच डोकी मोजून झाली. खांब नव्हता, म्हणून माझ्या खुर्चीच्या दांड्यावर टकटक.

चित्रपट निकृष्ट होता. याबाबतीत तरी प्राध्यापक आणि मी यांच्यात मतभेद नाही. पहिल्या जन्मी नायक नायिकेला किल्ल्याच्या कड्यावर नेतो आणि तिथून दोघे उडी घेतात. पण उडीआधी गाणे, गाण्यानंतर शपथा. कंडक्टरसाहेबांना राहवेना. “उतरा, उतरा! मागचे खोळंबलेत!” सारी रांग हसली. दुसऱ्या जन्मी नायक विमानतळावर नायिकेला म्हणतो, मी तुला शंभर वर्षे शोधतो आहे. हे माझ्या कानात म्हणाले, “चौकशीच्या खिडकीवर इचारायचं ना, कंट्रोलर!”

मध्यंतर झाले. पॉपकॉर्न खाता खाता वहिनी म्हणाल्या, “हसता कशाला? त्यानं तिला किल्ला तरी दाखवला. मला आपल्या गच्चीवरून दाखवता. ह्या जन्मी तर काय नाय, पुढच्या जन्मी न्या म्हणं दौलताबादला.”

त्या थट्टेनेच बोलल्या. हेही हसत म्हणाले, “तू कधी म्हणलीच नाय.”

“म्हणले होते की. लग्न झालं त्याच वर्षी. तुमची ड्युटी होती.”

कंडक्टरसाहेबांनी मान खाली घातली. त्यांच्या गाडीच्या खिडकीतून तो किल्ला रोज मागे जात असे. नोकरीत सवड नव्हती आणि निवृत्तीनंतर गुडघ्याचे दुखणे आले. पायऱ्या पाहिल्या की तो माणूस रस्ता बदलत असे.

उत्तरार्धात त्यांनी एकही शेरा मारला नाही. पडद्यावर नायकाला नायिकेच्या मानेवरचा तीळ ओळखू येत होता आणि मंडळातले निम्मे सदस्य घोरत होते. तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. ते मी नाकारत नाही. ढसाढसा नव्हे, भरलेले. त्यांनी वहिनींचा हात धरला, हेही खरे. पण जे बोलले ते मी या दोन कानांनी ऐकले : “सकाळी लवकर ऊठ.”

“कशाला?”

“ऊठ म्हणलं ना. भाकरी बांधून घे.”

मागच्या रांगांना हात दिसला, शब्द पोचले नाहीत. उरलेली जागा प्राध्यापकांनी चित्रपटातल्या संवादाने भरली. कार्यक्रम आटोपल्यावर मी वहिनींना म्हणालो, “तुम्ही तरी बोलायचे होते.” त्या डोळे पुसत हसल्या. “सांगू द्या हो भाऊ. लोकांला तसंच आवडतं.”

लोकांना काय आवडते, हा प्रश्न नाही. माझ्या मित्राने आयुष्यभर जपलेले मत त्याच्या पश्चात त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. पुढच्या जन्माची ज्याला खात्री असते त्याला घाई नसते. तो खुशाल थांबतो. आणि वस्तुस्थिती अशी आहे की, दुसऱ्याच दिवशी सकाळी, सुजलेल्या गुडघ्याला पट्टा आवळून, दर वळणावर बसत आणि पुन्हा उठत, कंडक्टरसाहेब वहिनींना घेऊन दौलताबादच्या अगदी माथ्यावर चढले. भाकरीचे गाठोडे माझ्या हातात होते.