गुरुवारसाठी दिलेल्या पुड्या

थान्ह होआ शहराच्या जुन्या बाजारात थोआकाकूंच्या गाळ्यावर गिऱ्हाईक आले की त्याला "किती हव्यात?" असे कधी प्रथम विचारले जात नसे. पहिला प्रश्न ठरलेला होता : "खाणार कधी?" आज खाणाऱ्याला आधीच मुरलेली लाल दोऱ्याची पुडी, तीन दिवसांनी खाणाऱ्याला आजच बांधलेली हिरव्या दोऱ्याची. कुटलेले कच्चे डुकराचे मांस, उकडलेल्या कातडीच्या बारीक पट्ट्या, लसूण, मिरची, एक पेरूचे पान आणि वरून केळीच्या पानाचे घट्ट वेष्टन. या नेमचुआला चूल लागत नाही. तीन दिवसांची ऊब त्याला आंबवते आणि खाण्याजोगे करते. चौतीस वर्षांत काकूंचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

त्या वर्षी नवा नियम आला. प्रयोगशाळेत नमुना उत्तीर्ण झाला, तरच गाळा राहणार.

"परीक्षा म्हणे!" शेजारची टोफूवाली खुए म्हणाली. "सदुसष्टाव्या वर्षी शाळेत घालतायत तुला."

"घालू देत की. कच्चं कधी कुणाला खाऊ घातलंय मी?"

सोमवारी सकाळी आरोग्य खात्याची तरुण तपासनीस दिएप आली. काकूंनी सवयीने विचारले, "तपासणार कधी?"

"गुरुवारी, काकू."

काकूंनी पहाटे बांधलेल्या ढिगातून हिरव्या दोऱ्याच्या सहा पुड्या निवडून दिल्या. लाल दोऱ्याच्या पुड्या गुरुवारपर्यंत आंबटढाण झाल्या असत्या, आणि सरकारी माणसापुढे उतरलेला माल ठेवणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. दिएपने पुड्यांवर मोहोर लावली, त्या पांढऱ्या पेटीत ठेवल्या आणि ती निघून गेली.

पुढच्या मंगळवारी ती अहवाल घेऊन आली. मांस कच्चे, आंबलेले नाही, जंतू मर्यादेबाहेर, विक्रीस अयोग्य.

काकूंनी कागद दोनदा वाचला. "त्या पेटीत काय होतं, मुली?"

"बर्फ. नमुना थंडच न्यायचा असतो."

"अगं, मग ते आंबणार कसं? त्याला ऊब लागते!"

"आजच खाता येईल असा नमुना द्यायचा होता तुम्ही, काकू."

"तू गुरुवार म्हणालीस ना!"

दिएपच्या लग्नाच्या पंगतीला पुड्या याच गाळ्यावरून गेल्या होत्या.

"दुसरा नमुना घे. लाल दोऱ्याचा. हा बघ, आत्ता घे."

"तसं चालत नाही, काकू. फेरतपासणी होते, पण त्याच नमुन्याची. सहातल्या तीन राखून ठेवल्यात."

"कुठे?"

"शीतकपाटात."

"वा!" खुए मधेच म्हणाली. "नापास पोराचा तोच पेपर पुन्हा तपासणार! शाई वाळू नये म्हणून बर्फात ठेवलाय!" पण हसू तिलाही आले नाही.

काय निकाल लागणार, हे काकूंना पक्के ठाऊक होते. तरीही त्यांनी सुवाच्य अक्षरात फेरतपासणीचा अर्ज लिहिला, कारण अर्ज न करणे म्हणजे आपण कच्चे मांस विकतो असे कबूल करणे. अर्जात त्यांनी दोऱ्यांचे रंग, दिवस आणि ऊब यांचा क्रम समजावून सांगितला. उत्तर नऊ दिवसांनी आले. त्यात क्रमाचा उल्लेख नव्हता. पहिल्या अहवालातल्याच ओळी होत्या, फक्त तारीख बदललेली. गाळा रद्द, नवा अर्ज वर्षभर करता येणार नाही.

ज्यांनी नमुनाच दिला नाही, अशा तीन नेमचुआवाल्या मागच्या गल्लीत टोपलीतून विकत होत्या. खुएने ते सांगून पाहिले. "मला चोरून विकायला जमायचं नाही," एवढेच काकू म्हणाल्या.

त्या गाळा आवरत असताना एक बाई घाईघाईने आली. "काकू, थोरला रात्रीच्या गाडीनं सैगॉनला निघालाय. परवा पोहोचेल."

"मग हिरव्या..." काकूंच्या तोंडून निघून गेले. त्या थांबल्या. "नाहीत."

"संपल्या? मग संध्याकाळी येऊ?"

काकूंना सगळे सांगायचे होते. पण त्यांनी हिरव्या दोऱ्याचे रीळ पिशवीत टाकले. बाई मागच्या गल्लीकडे वळली.