बाईसाहेबांची पेज

आमच्या सांगलीच्या घरमालकांसारखा हळू बोलता न येणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. उभा जन्म हळदीच्या अडतीवर सौदे करण्यात गेलेला. त्यांनी बायकोच्या कानात काही सांगितलं, तरी ते समोरच्या आळीत ऐकू जाई. सगळे त्यांना अण्णा म्हणत. देह दणकट, मिशा पिळदार, धोतराला कायमची हळद लागलेली. दुकानातले हमाल त्यांना टरकून असत. आणि हा माणूस रोज दुपारी मोठमोठे व्यापारी गादीवर बसवून ठेवून घरी येई, पडवीत शेगडी पेटवी आणि एका म्हाताऱ्या खारीसाठी पेज शिजवत बसे.

ही खार पिल्लू असताना परसातल्या चिंचेवरून खाली पडली होती. अण्णांनी तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं आणि तिचं नाव ठेवलं बाईसाहेब. नवखा माणूस हमखास फसे. 'बाईसाहेब काल रात्री माझ्या टोपीत झोपल्या,' असं अण्णांनी सांगितलं की पाहुणे काकूंकडे बघत आणि काकू, म्हणजे अण्णांची बायको, निमूटपणे चहा ठेवायला जात. आम्ही त्यांच्या माडीवर राहायला गेलो तेव्हा बाईसाहेब थकल्या होत्या. पुढचे दात पडलेले, शेपटी विरळ झालेली, शेंगदाणा समोर ठेवला तर त्याच्याकडे नुसत्या बघत बसायच्या. मग अण्णा शेंगदाणे भिजवून पाट्यावर लोण्यासारखे वाटू लागले. रेशनच्या तांदळातली कणी निवडून तिची पेज करीत, तीत लाल भोपळा घोटून घालीत, नव्या धोतराच्या फाडलेल्या तुकड्यातून ती गाळीत आणि मनगटावर थेंब टाकून ती किती ऊन आहे ते बघत. स्वतः जैन असल्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवत, तसंच बाईसाहेबांचंही जेवण उजेडी होई. एकदा शेजारणीनं प्रेमानं उकडलेलं रताळं पाठवलं, तर अण्णांनी ते परत केलं. जमिनीखालचं आमच्या बाईसाहेबांना चालत नाही, हे त्यांनी शेजारणीला घरात बसूनच कळवलं. काकू मला एकदा म्हणाल्या की आपल्या इतक्या दुखण्यांत यांनी साधं पाणी कधी तापवलं नाही. पण हे सांगताना त्या भोपळ्याच्या बिया काढत होत्या.

ते लढाईचे दिवस होते. माझे यजमान पलटणीत कारकून म्हणून भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेले होते. माडीवर मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई साताऱ्याकडच्या खेड्यातल्या. नवरा लवकर गेला, तेव्हा त्यांनी एकटीनं शेती करून मुलाला शिकवलं होतं. पहिल्यांदा खुशाली येत असे, मग ती येईनाशी झाली. सासूबाईंनी आधी भाकरी सोडली, मग भात सोडला. डॉक्टर तपासून गेले, दुखणं काही सापडलं नाही. 'घास उतरत न्हाई,' एवढंच त्या म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी चार पदार्थ करायची आणि तसेच झाकून ठेवायची. दुसऱ्याच्या घरात, परक्या गावात, माझ्या हातून ही बाई जाणार आणि ते परत आले तर त्यांना मी काय सांगणार, या विचारानं माझाही घास उतरेना.

एके दिवशी दुपारी जिना दणाणला आणि अण्णा वाटी घेऊन वर आले. यापूर्वी ते कधी माडीवर आले नव्हते. उंबऱ्याबाहेरच बसून त्यांनी गाऱ्हाणं मांडलं की बाईसाहेबांनी आज तोंड फिरवलं, पेजेत काय बिघडलंय ते काही समजत नाही.

"अक्का, तुमी जरा चव बघा की."

सासूबाईंनी कितीतरी दिवसांनी मान वळवली. "आवं अण्णा, मी काय खार हाय व्हय?"

"खार न्हाई, पर दात दोघींस्नी बी न्हाईत."

आता त्या रागावणार असं मला वाटलं. पण सासूबाईंच्या तोंडाला पदर गेला आणि त्या हसत असल्याचं माझ्या ध्यानात आलं. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि मीठ नसल्याचं सांगितलं. अण्णा गंभीरपणे मान हलवून खाली गेले. दुसऱ्या दिवशी मीठ घातलेली पेज आली. मग त्यात तूप हवं होतं, मग जिरं हवं होतं. बोटाचा चमचा झाला, चमच्याची वाटी झाली. मी एकदा पडवीत डोकावले तर अण्णा बाईसाहेबांचा चमचाभर वाटा आधी बाजूला काढत होते आणि उरलेल्या पातेल्यात मीठ, जिरं, तूप घालत होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी शांत राहायला सांगितलेलं मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

हे गुपित मी बरेच दिवस सांभाळलं. शेवटी सासूबाई उठून बसू लागल्यावर मी हळूच विषय काढला, तर त्याच मला म्हणाल्या, "खारीला जिरं कोण घालतं गं? पैल्या दिशीच कळलं मला. पर येवढा मोठा मानूस रोज जिना चढून येतोय, त्याची वाटी परत कशी धाडू?"

पावसाळा संपता संपता बाईसाहेब गेल्या. अण्णांनी त्यांना परसात पुरलं आणि दोन दिवस अडतीवर पाऊल ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जिना वाजला. अण्णा वाटी घेऊन उंबऱ्यात उभे होते. आता चव कुणासाठी बघायची, ते त्यांना सांगता येईना. सासूबाई भिंतीला धरून उठल्या, पुढे होऊन त्यांनी वाटी हातात घेतली आणि म्हणाल्या, "बसा अण्णा. आज समदी खाते."

आणि त्यांच्यासमोर त्यांनी ती सगळी खाल्ली. अण्णा पंच्यानं डोळे पुसत बसून राहिले.

लढाई संपल्यावर माझे यजमान परत आले, वाळलेले, हिवतापानं पिवळे पडलेले, पण आले. पुढं त्यांना साताऱ्याला नोकरी मिळाली आणि आम्ही सांगली सोडली. निघताना अण्णांशी काही बोलावं म्हणून मी मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. पण टांगा हलेपर्यंत ते साताऱ्याचं पाणी जड की हलकं यावरच बोलत राहिले आणि माझी वाक्यं तशीच राहिली.

सासूबाई त्यानंतरही बरीच वर्षं होत्या. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावला की त्या हात जोडून एकेकाचं नाव घ्यायच्या, देवाला ओळख पटावी म्हणून गावासकट. मुलाचं, माझं, नातवंडांचं, आणि सगळ्यांत शेवटी 'सांगलीचं अण्णा'. आता दिवा मी लावते. मला असं नावं घेणं जमत नाही, मी नुसती उभी राहते. पण वात स्थिर झाली की तेवढं एक नाव तोंडून निघून जातं.