रुखवतातल्या रेकॉर्डी

माझ्या लग्नाच्या रुखवतात एक डबा होता. निळा, चांगला जड, वर बाबांच्या आवडत्या गायिकेचा फोटो. तिने अगदी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत गायलेली निवडक गाणी एकत्र करून रेकॉर्डींचा संच निघाला होता, आणि बाबांनी तो नागपूरहून खास माझ्यासाठी आणला. रुखवत पाहायला आलेल्या बाया लोकरीचा हंस पाहायच्या, गव्हाच्या दाण्यांचा गणपती पाहायच्या आणि डब्यापाशी येऊन विचारायच्या, मिठाई आहे का वं? मी नवरी, त्यामुळे तोंड शिवलेलं. नाहीतर सांगितलं असतं, मिठाईच आहे, पण दात पाहिजेत.

ती बाई काय गात नव्हती! पहाटेचं भजन तिचं, लेकराला निजवायचं गाणं तिचं, ठसक्यातली लावणी तिची, आणि क्लबात ग्लास किणकिणतात तिथलं गाणंही तिचंच. नाव वाचल्याशिवाय पटायचं नाही की गळा एकच आहे. पांढुर्ण्यात आमचं कापडाचं दुकान, वर घर, मागे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर जुन्या प्रथेप्रमाणे पांढुर्ण्याचे आणि पलीकडच्या सावरगावचे लोक एकमेकांवर दगडं चालवत, तेव्हा बाबा सगळ्या खिडक्या लावून घेत आणि प्लेअरचा आवाज वाढवून दिवसभर तिच्या रेकॉर्डी लावत, आम्हा पोरांना बाहेरचा आरडाओरडा ऐकू येऊ नये म्हणून. मी बंद खोलीत तिच्या सगळ्या आवाजांत गायची. भजन म्हणताना डोळे मिटायचे, क्लबातलं म्हणताना कमरेवर हात. बाबा उशीवर बोटांनी ताल धरायचे. कोंडलेलं असून इतकं मोकळं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

तो डबा बाबांनी स्वतः उघडलासुद्धा नाही, वरची प्लास्टिकची पन्नी तशीच ठेवली. रुखवतातली वस्तू कोरी पाहिजे, असं म्हणाले. सोयरीक ठरवताना सौसरच्या माझ्या सासऱ्यांनी ऐटीत सांगितलं होतं, आमच्याकडे रेडिओग्राम आहे, रेडिओ आणि प्लेअर एकाच पेटीत. बाबांना तेवढंच पुरे झालं. पोरगी गाण्याच्या घरात चालली म्हणून घरी येऊन त्यांनी पेढे वाटले. रेडिओग्राम होता, खोटं कशाला बोलू? बैठकीत मधोमध होता, वर विणलेलं कापड टाकलेलं. लग्नानंतर मी हौसेने झाकण उघडलं तर आत तबकडी फिरवायची जागा रिकामी, आणि तिथे सासूबाईंचा अडकित्ता, सुपारीचा डबा आणि सासऱ्यांच्या दम्याच्या गोळ्या. घ्या, ऐका गाणी!

डबा शो-केसमध्ये गेला. शो-केस पश्चिमेच्या खिडकीसमोर, दुपारचं ऊन थेट काचेवर. उन्हात फोटो झळकतो, आल्यागेल्याची नजर आधी तिथेच जाते, याचं सासूबाईंना फार कौतुक. पाहुण्यांना सांगायच्या, सूनबाईनं आणला, अजून पन्नीसुद्धा काढली नाही. किल्ली त्यांच्या पदराला. दर शनिवारी त्या जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जायच्या, तेव्हा काच पुसायला किल्ली माझ्या हातात द्यायच्या आणि आल्याबरोबर परत घ्यायच्या. मी काच पुसायची आणि पन्नीतूनच मागे छापलेली गाणी ओळीने मनात म्हणायची. मनातच, कारण घरात सूनबाईचा आवाज चढायचा नसतो. त्या घरात मला एकच सूर होता, हो आई. भाजीत मीठ जास्त झालं का? हो आई. नणंदेचं बाळंतपण तूच काढशील ना? हो आई. नवऱ्याला सांगावं तर त्यांचं ठरलेलं उत्तर, पाहू ना. ते लोधीखेड्याला नोकरीवर, सकाळी बस पकडायची, संध्याकाळी परत. त्यांचं पाहणं कधी संपलं नाही.

पहिल्या दिवाळीला माहेरी निघताना मी धीर करून विचारलं, डबा नेऊ का, तिथे प्लेअर आहे, ऐकून परत आणते. सासूबाई चिडल्या नाहीत. घाबरल्या. म्हणाल्या, "रुखवताचं माहेरी परत जात नसते, बाई. लोकं म्हणतीन, सुनेचं सामान वापस धाडून राहिले."

मी तणतणत पांढुर्ण्याला गेले. वाटलं, बाबा तरी माझ्या बाजूने बोलतील. तर तेही म्हणाले, त्या बरोबर बोलतात, रुखवत परत आलं तर मी गावात काय सांगू. इकडे आड, तिकडे विहीर. मला त्या दिवशी बाबांचाही राग आला, आणि तो पुष्कळ दिवस टिकला.

असे उन्हाळे गेले. बाजारात कॅसेटी आल्या, शेजारी टीव्ही आला, डबा जागचा हलला नाही. मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं निम्मं कळायचं. मी भेटायला गेले तेव्हा ते माझ्या हातांकडे पाहत होते. मला वाटलं, बांगड्या पाहून राहिले. मग कसंबसं म्हणाले, "डबा... आणला?"

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. ज्या माणसाने परत आणू नको म्हटलं, त्यालाच आता तो पाहिजे होता. विकत आणून त्याने कधी ऐकला नव्हता, आणि डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार आशा धरू नका.

सौसरला येऊन विचारलं. सासूबाई म्हणाल्या, त्यांना बरं वाटू दे, मी मारुतीला नारळ बोलते, पण डबा नको. नवरा म्हणाला, पाहू ना. मला ओरडायचं होतं, आणि माझ्या तोंडून आलं ते हो आई.

शनिवारी त्या दर्शनाला गेल्या. किल्ली माझ्या हातात. मी शो-केस उघडली, डबा शालीत गुंडाळला आणि सासऱ्यांना सांगितलं, बाबांना पाहून येते. पांढुर्ण्याची बस पकडली. डबा मांडीवर. आमच्या गल्लीतली एक बाई बाजूलाच येऊन बसली. हे काय वं, तिने विचारलं. मी म्हटलं, मिठाई. मी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, आणि त्यात भीती किती आणि आनंद किती ते मला आजही सांगता येत नाही.

बाबांच्या खाटेजवळ भावाने प्लेअर आणून ठेवला. पन्नी मी फाडली. पहिली रेकॉर्ड बाहेर काढली. तळलेल्या पापडासारखी वाकली होती. दुसरी तशीच, तिसरीही. सौसरच्या उन्हाने काचेआड एकेक उन्हाळा त्या भाजून काढल्या होत्या, आणि आम्ही म्हणत होतो, फोटो कसा झळकतो. तरी भावाने एक लावून पाहिली. सुई चढली, उतरली, खरडली आणि बाहेर घसरली. बाबा छताकडे पाहत होते.

मग मी म्हटलं, बाबा, मी म्हणते. पाठ तर सगळंच होतं. पहिलं भजन सुरू केलं आणि वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच फाटला. इतकी वर्षं तो गळा हो आईपलीकडे गेलाच नव्हता. रेकॉर्डी आणि मी एकाच काचेआड होतो, माझंही तेच झालं होतं. मी थांबले. तेव्हा बाबांच्या डाव्या हाताची बोटं उशीवर हलली. ताल. थांबलीच नाहीत. मग मीही थांबले नाही. भजन म्हटलं, अंगाई म्हटली, लावणी म्हटली, आणि भाऊ-वहिनीसमोर, डोक्यावरचा पदर पाडून, कमरेवर हात ठेवून क्लबातलंसुद्धा म्हटलं. सगळं बेसूर. बाबांच्या वाकड्या तोंडावर हसू होतं.

संध्याकाळच्या बसने परत आले. रेकॉर्डी बाबांजवळ राहू दिल्या, रिकामा डबा तेवढा आणला. सासूबाई बैठकीतच बसल्या होत्या, शो-केस सताड उघडी. त्यांनी डबा हातात घेतला, हलका लागला तसं माझ्याकडे पाहिलं.

"पन्नी फाडली तू?"

"हो, आई."

आता काय ते होऊ दे, म्हणून मी उभी राहिले. त्या बराच वेळ फोटोवरून पदर फिरवत राहिल्या. मग खाली पाहूनच त्यांनी विचारलं, "ऐकलं का त्यायनं?"

"हो, आई," मी म्हटलं. त्या घरात तेवढं एकदाच ते मी मनापासून म्हटलं.

त्यांनी मान हलवली, उठल्या, रिकामा डबा होता तिथेच, फोटो समोर येईल असा ठेवला. मग माझ्यापुढे हात केला, आणि मी किल्ली दिली.