भाताचं बी. ए.

पदवीचा नोकरीत काय उपयोग, असं तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलं आहे. माझ्या पदवीचं काय झालं ते क्रमाने सांगते.

लग्न होऊन मी पुण्याहून लोणावळ्याला आले, ती इंग्रजी घेऊन बी. ए. होऊनच. मला शाळेत शिकवायचं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "सून नोकरी मागत दारोदार फिरणार नाही. दाराला पाटी लाव. मृग लागायच्या आत पाटी वाचून कुणी काम घेऊन आलं, तर खुशाल कर. नाहीतर पाटी उतरव आणि विषय बंद."

पाटी तुमच्या आजोबांनी रेल्वेच्या पेंटरकडून रंगवून घेतली. त्याचा जन्म स्टेशनांची नावं रंगवण्यात गेलेला. धावत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे, ही त्याच्या हाताची सवय. त्याने माझं नाव कोपऱ्यात बारीक घातलं आणि मधोमध हातभर उंच अक्षरं काढली: बी ए. टिंबं द्यायची राहून गेली.

बाजारच्या दिवशी एक शेतकरी खांद्यावर रिकामं पोतं टाकून दारात उभा राहिला.

"आबा, बी ए का?"

"आहे तर!" मामंजी म्हणाले. "आमची सूनच."

"सून ऱ्हाऊ द्या. भाताचं ए का नाचणीचं?"

मामंजी गोंधळले. "इंग्रजीचं."

"विंग्रजी? त्ये आमच्या खाचरात येतं व्हय?"

मावळच्या बोलीत शब्दामधला 'ह' टिकत नाही. 'आहे'चं नुसतं 'ए' उरतं. त्याने पाटी अक्षर अक्षर लावून वाचली होती, आणि ती स्वच्छ सांगत होती की इथं बी आहे. गावोगाव राब, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागा, भाजून झाले होते, पेरणी तोंडावर आलेली. मामंजी त्याला समजावू लागले, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या.

"आंबेमोहोर आहे, निवडलेला. तुमचं भात आणा आणि बदलून न्या."

मग काय विचारता! पुढच्या बाजारी ओटीवर बसायला जागा उरली नाही. मी इस्त्रीचं पातळ नेसून, हातात इंग्रजी पुस्तक धरून खुर्चीवर बसत असे आणि येईल त्याला सांगत असे, "मी शिकवते."

एका बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेरायचं कसं त्ये आमाला तू शिकवतीस व्हय, बाई?"

तुमचे आजोबा म्हणाले, "तुझी पदवी उगवणार बघ."

मला मात्र रडू येत होतं. मृग उद्यावर आला, तरी कामाचं एक माणूस नाही. मामंजींनी पाटी उतरवायला शिडी काढून ठेवली.

तेवढ्यात काळी टोपी घातलेले एक गृहस्थ आले. मुलींच्या शाळेच्या पंचांपैकी. मी पदर सारखा केला.

"बी. ए. इथंच का?"

"हो, मीच."

"वा! मग दोन पायली द्या."

त्यांचं शेत कामशेतकडे होतं. सासूबाई मापायला बसल्या आणि म्हणाल्या, "बी माझं. बी. ए. ही आहे. हवं तर दोन्ही न्या."

त्यांनी पाटी पुन्हा वाचली, कोपऱ्यासकट. "अहो, शाळेत इंग्रजीला कुणीच नाही! याल?"

"थांबा," मामंजी शिडीजवळून म्हणाले. "हे बी न्यायला आलेत. काम घेऊन आलेले नाहीत."

सासूबाईंनी भरलेली पायली पुन्हा कणगीत ओतली. "मग बीही नाही."

"काम घेऊनच आलोय, काम!" गृहस्थ घाईघाईने म्हणाले. "बी आपलं जाता जाता."

मामंजींनी शिडी उचलून जागेवर ठेवली. मी शाळेत लागले.

पेंटर नंतर कधी भेटला की टिंबं देऊन जातो म्हणायचा. सासूबाईंनी ती शेवटपर्यंत देऊ दिली नाहीत.